चराच्या काठची माती

आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जाते. नोकरीच्या सुरुवातीला मला एका माणसानं दगा दिला, अशी ती गोष्ट आहे. मुलं सांगतात, सुना सांगतात, आता नातवंडंही पाहुण्यांना सांगायला लागली आहेत — आमचे आजोबा फार साधे, त्यांनी एकावर विश्वास टाकला आणि त्यानं त्यांना गोत्यात आणलं. ही गोष्ट मीच घरात आणली. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोला सांगितली होती. ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला ते आवडलं. दगा झालेल्या माणसाला घरात मान मिळतो, हे मला तेव्हा कळलं.

ती गोष्ट खोटी आहे. एवढं वाक्य लिहिलं आणि मी उठून पाणी पिऊन आलो. आजवर हे मी बायकोलाही सांगितलं नाही, आणि आता ती राहिलेली नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ अजूनही तीच जुनी गोष्ट सांगते, मी कितीही ठरवलं तरी.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी ओव्हरसिअर होतो, नवा, कोऱ्या खाकी पँटीतला. मोताळ्याच्या अलीकडे एका गावाला नळाचं पाणी द्यायचं ठरलं होतं. नळगंगेच्या काठच्या विहिरीपासून गावातल्या टाकीपर्यंत बिडाचे पाइप टाकायचे, आणि तो टप्पा माझ्याकडे होता. आज पाइपलाइन म्हटलं की कुणी मान वर करून बघत नाही. तेव्हा गावातली म्हातारी माणसं काठी टेकत चर बघायला येत आणि यातून पाणी येणार म्हणजे कसं येणार, असं मलाच विचारत. मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. मोठं वाटायची मला घाईच होती, खरं सांगायचं तर.

खोदाईचं आणि पाइप जोडायचं काम श्रावणकडे होतं. श्रावण वरवट बकालचा. घरच्या भाजीच्या मळ्यात सगळ्यांचं पोट भरेना म्हणून तो मजूर घेऊन सरकारी कामाचे लहान लहान ठेके घ्यायला लागला होता. त्याचा धाकटा भाऊ मारोती त्याच्याबरोबर असे. मारोती सांध्याचं काम करायचा. एका पाइपाचं तोंड दुसऱ्यात बसवायचं, भोवती ताग ठोकून भरायचा आणि वरून वितळलेलं शिसं ओतायचं. शिसं ओतताना तो श्वास धरून ठेवायचा आणि ओतून झालं की काठावरच्या भावाकडे बघून हसायचा. नुकतंच लग्न झालेलं होतं त्याचं.

श्रावण मला साहेब म्हणायचा, पण साहेबासारखं वागवायचा नाही. त्याच्या शिदोरीतली भाकर मी खाल्ली आहे. एकदा मला ताप आला तेव्हा त्यानं बैलगाडीत गवत पसरून मला मोताळ्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं आणि वाटेत सगळा वेळ मला बोलतं ठेवलं होतं. वयानं तो माझ्याहून मोठा. माझ्या शब्दावर तो इतका विसंबून राही की कधीकधी मलाच धाक वाटायचा. खात्याचा माणूस बोलला म्हणजे ते पक्कं, असं त्याचं साधं गणित. आणि मी? मी त्याला भाऊ म्हणायचो. तोंडानं.

आता मातीचं सांगतो. नियम साधा होता, आम्हाला तोंडपाठ होता. चर माणसाच्या डोक्याहून खोल गेला की बाजूंना फळ्या आणि टेकू लावायचे, आणि काढलेली माती काठावर ठेवायची नाही, चार हात लांब टाकायची. काळी माती फसवी असते. वरून दगडासारखी दिसते आणि आतून भेगाळलेली असते. काठावर ओझं पडलं की भिंतच्या भिंत सुटते. नियम मोडला आणि माणसाला इजा झाली तर सरकार दंड करणार, आणि दोषी ठरेल त्याला पुन्हा सरकारी काम मिळणार नाही. राज्य नवं होतं. साहेब लोक प्रत्येक बैठकीत म्हणायचे की आता जुना ढिसाळपणा चालणार नाही.

चर शेवटच्या टप्प्यात माझ्या मामाच्या शेताजवळून जात होता. एका बाजूला गाडवाट, एका बाजूला मामाची पऱ्हाटी, म्हणजे उभा कापूस. गाडवाटेवर माती टाकता येत नव्हती, गाड्या अडल्या असत्या. लांब टाकायची तर ती पऱ्हाटीवरच पडणार. बोंडं फुटलेली, शेत पांढरं झालेलं, आणि वेचणी अजून सुरू व्हायची होती.

आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या आधी सीतादही करतात. बाया शेतात जातात, पऱ्हाटीच्या एका चांगल्या झाडाची पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य शेतात शिंपडतात, मग सगळ्यांनी बसून तोच दहीभात खायचा. त्यानंतरच कापसाला हात लावायचा. सीतादही होण्याआधी उभ्या पऱ्हाटीवर माती टाकणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. माझी मामी तर त्या दिवसांत शेतात चप्पल घालून जात नसे.

मामा माझ्याकडे आला. सीतादही दोन दिवसांवर आहे, तोवर माती काठावरच राहू दे, मग मी स्वतः गडी लावून हलवतो, म्हणाला. मामानं माझ्या शिक्षणाला हातभार लावलेला. शिवाय आपला भाचा साहेब झाला आणि त्यानं आपलं ऐकलं, हे त्याला गावात मिरवायचं होतं. आणि मलाही ते मिरवून घ्यायचं होतं, नाही का? मी म्हटलं, ठीक आहे, राहू द्या. फळ्या दुसऱ्या टप्प्यावर अडकल्या होत्या, त्या मागवायलाही मी दोन दिवसांची ढील दिली.

सीतादहीच्या दिवशी सकाळी श्रावणनं मला बाजूला घेतलं. काठाला भेग दिसत होती, बोट जाईल एवढी. तो म्हणाला, ''साहेब, माती हटवू काय? काठ फुटून राह्यला.'' मी भेग बघितली. खरंच बघितली, वाकून बघितली. आणि म्हणालो की आजची दुपार जाऊ दे, मामाच्या घरचं सीतादही होऊ दे, मग हटव. तो थोडा घुटमळला. मग ''तुमी म्हनता त ठीक हाय'' म्हणून वळला. मला अजून त्याची पाठ दिसते.

दुपारी मी मामाच्या शेतात पऱ्हाटीच्या सावलीला बसलो होतो. पूजा झाली होती. मामीनं पळसाच्या पानावर दहीभात वाढला होता. मजूर जेवायला आंब्याखाली गेले होते. मारोती मात्र चरात होता, कारण शिसं वितळलं होतं आणि ते थंड होण्याआधी सांधा भरायलाच हवा. शिशाला जेवणाची सुट्टी नसते, असं तो नेहमी गमतीनं म्हणायचा. गाडवाटेनं एक भरलेली गाडी गेली. मग एक आवाज आला — मोठा नव्हता. पोतं जमिनीवर टाकल्यासारखा. मी दुसरा घास घेतला होता. मग श्रावणची हाक ऐकू आली, भावाच्या नावानं, आणि मी पान हातात धरूनच पळालो.

आम्ही सगळ्यांनी हातांनी माती उपसली. फावडं वापरायला श्रावण देईना, लागेल म्हणून. मारोती निघाला तेव्हा गेलेला होता. मला त्याबद्दल जास्त लिहिता येत नाही.

संध्याकाळी श्रावण माझ्याजवळ आला. डोळे कोरडे, नखांत काळी माती. चौकशी होणार हे त्याला माहीत होतं. काय बोलू, एवढंच त्यानं विचारलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, तू काही बोलू नको भाऊ, मी सांभाळून घेतो. मला वाटतं, ते म्हणताना मी खरंच तसं ठरवलं होतं. की नव्हतं? इतक्या वर्षांनी माझं मलाच सांगता येत नाही, आणि सांगता आलं तरी त्यानं काय फरक पडतो.

चौकशीचे साहेब बुलडाण्याहून आले आणि डाक बंगल्यात बसले. मला आधी बोलावलं. त्यांनी आवाज चढवला नाही. माती काठावर का होती, विचारलं. मग म्हणाले, ''ती हलवायला तुम्ही सांगितलं होतं का?'' बघा, त्यांनीच मला वाट दाखवली. एका शब्दाच्या उत्तराचा प्रश्न होता. मी म्हणालो, हो, सकाळीच सांगितलं होतं.

मग श्रावणला आत घेतलं, माझ्यासमोरच. ओव्हरसिअरनी सांगूनही माती का हलवली नाही, असं त्याला विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला वाटेल तो रागावला असेल. नाही. तो वाट बघत होता. साहेबानं काहीतरी सांभाळून घ्यायचं म्हणून असं सांगितलं असेल, पुढं तेच सोडवतील — हे त्याच्या तोंडावर मला स्पष्ट वाचता येत होतं. मीच सांगितलं होतं ना, काही बोलू नको म्हणून? त्यानं माझं ऐकलं. खाली मान घालून उभा राहिला, आणि चौकशीच्या साहेबांनी ते गप्प राहणं कबुलीसारखं धरलं.

त्या दिवशी मामा डाक बंगल्याच्या फाटकाशी उभा होता. त्याच्या कानावर सगळं गेलं होतं. ''माती म्या ठेवाले लावली. तू त्या गरिबाचं नाव काऊन घेतलं? मी सांगतो सायबाले,'' म्हणाला आणि आत निघाला. मी त्याचा हात धरला. माझी नोकरी जाईल म्हटलं, आईचं नाव घेतलं, माझ्या बहिणीच्या लग्नाचं काढलं, काय काय बोललो. मामानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तो घरी गेला. त्यानंतरच्या कोणत्याही वर्षी त्यानं मला सीतादहीला बोलावलं नाही, आणि मीही त्याला ‘का बोलावत नाहीस’ असं विचारलं नाही.

दंड श्रावणला झाला. आमच्या बाजूच्या खेड्यांत सगळ्या ठेकेदारांना ते उदाहरण म्हणून सांगितलं गेलं — बघा, सुरक्षिततेचा नियम मोडला की सरकार आता सोडत नाही. भावाच्या मरणाचा दंड त्यानंच भरला. कसा भरला ते मी विचारलं नाही. पुन्हा सरकारी काम मिळणार नव्हतं, तो वरवट बकालला परत गेला. मला ताकीद मिळाली, मजुरांवर देखरेख कमी पडली म्हणून. तीसुद्धा मला अन्याय वाटली! त्या ताकिदीवरूनच मी बायकोला ती गोष्ट रचून सांगितली — ज्याला भाऊ मानलं त्यानं माझं ऐकलं नाही आणि माझ्या नावाला डाग लावला. सांगता सांगता मला रडू आलं. खोटं रडू नव्हतं ते, म्हणून तर मला माझी जास्त किळस येते.

पाणी गावात आलं. नारळ फोडला, माझ्या गळ्यात हार पडला. मामीनं पहिला हंडा भरला. मामा घरीच होता.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, माणूस घाबरला, तरुण होता, नोकरीची भीती होती. म्हणू नका. कारण मला जे सांगायचं आहे ते हे नाहीच. इथवरचं मी कदाचित कधीतरी कुणाला सांगूही शकलो असतो. माझी खरी गोष्ट पुढं आहे, आणि मी तिच्याभोवती घिरट्या घालत बसलोय.

निवृत्त झाल्यावर एकदा कामानिमित्त मोताळ्याला गेलो होतो. आठवडी बाजाराचा दिवस होता. भाजीच्या ओळीत एका म्हाताऱ्यानं मला हाक मारली, ''साहेब.'' तो आवाज मी एकदम ओळखला आणि ओळखला नाही असं दाखवलं. तो मात्र उठून जवळ आला. श्रावण. पाठ वाकलेली, समोर तरटावर वांगी आणि मेथी. मळ्यातली भाजी घेऊन तो बाजार करत फिरायचा. त्यानं मला बसायला पोतं झटकून दिलं, चहा मागवला, माझ्या मुलाबाळांची चौकशी केली. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी मनातून तयारही होतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, हे त्याक्षणी मला कळलं.

त्यानं शिव्या दिल्या नाहीत. चहा बशीत ओतला, पिता पिता थांबला, आणि म्हणाला की मारोतीची बायको मागच्या साली वारली.

''मरेपर्यंत माह्या हातचं पानी पेली नाही,'' तो म्हणाला. ''म्हने, लालचीपायी नवऱ्याले मारलं जेठानं. साहेबानं सांगतलं तरी माती हटवली नाही.''

बाजारात गर्दी होती, कुणीतरी त्याला मेथीचा भाव विचारला, त्यानं हातानंच थांब म्हणून सांगितलं. मग माझ्याजवळ सरकला.

''मले त याद हाय, म्या तुमाले इचारलं होतं आन् तुमी म्हनले राहू दे. पन साहेब, तुमी खोटं काऊन सांगसान? इतके वर्स इचार करून राह्यलो. भाऊ गेला त्या दिवशी माह्यं डोकं ठिकानावर नवतं. तुमी सांगतलं असन, माह्याच ध्यानात राह्यलं नसन.'' मग त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ''एकडाव सांगा मले. सांगतलं होतं ना?''

विचार करा. माझी नोकरी संपलेली. पेन्शन सुरू. मामा जाऊन किती तरी वर्षं झालेली. चौकशीचे साहेब कुठं असतील कुणाला ठाऊक. त्या बाजारात मला ओळखणारं तिसरं माणूस नव्हतं. कोणतं सरकार मला दंड करणार होतं? खरं बोलायला मला काहीही लागणार नव्हतं — एक ‘नाही’ एवढाच शब्द. आणि तो शब्द त्या माणसाला त्याचा भाऊ परत देणारा होता, निदान त्याच्या स्वतःच्या मनात तरी. त्याचा हात माझ्या गुडघ्यावर होता. मातीतला, भाजीच्या वासाचा.

मी म्हणालो, ''हो. सांगितलं होतं.''

का म्हणालो? या प्रश्नाचं उत्तर मी इतकी वर्षं शोधलेलं नाही. भीती नव्हती तेव्हा. सवय होती का? की त्या पोत्यावर बसूनही मला साहेबच राहायचं होतं? नाही, उत्तर शोधलं की ते कारण होतं, आणि कारण द्यायचं नाही असं ठरवूनच मी लिहायला बसलो.

श्रावणनं मान हलवली. हळूहळू, दोन-तीनदा. मग हात जोडले. बरं झालं, आता पक्कं समजलं, म्हणाला. त्याच्या तोंडावर जरा सैल झाल्यासारखं दिसलं मला, जसं एखादं जुनं भांडण मिटल्यावर दिसतं. भांडण मिटलं होतंच — त्याचं आणि त्याच्या आठवणीचं. त्याची आठवण खोटी ठरली होती. माझी खरी.

मी उठलो. त्यानं तरटावरची वांगी निवडून निवडून माझ्या पिशवीत भरली. पैसे घेईना. ''तुमच्यापासून घ्याचे काय साहेब,'' म्हणाला.

ती वांगी मी घरी आणली. बायकोनं त्याच रात्री भाजी केली. कोवळी आहेत, कुणी दिली, असं तिनं विचारलं. एका जुन्या ओळखीच्या माणसानं, मी म्हणालो. आणि दोनदा वाढून घेतली.